न चुकणाऱ्या आकड्याचे धनी : देवळालीचे कापरेकर

बालाघाटहून बैहरच्या वाटेने निघाले म्हणजे दाट झाडी आणि चढण लागते. त्या वाटेवर उकवा हे खाणीचे गाव आहे. मँगनीज हीच त्याची बाहेरची ओळख. १८९६ साली सुरू झालेल्या एका विलायती कंपनीपासून या भागात मँगनीज निघू लागले आणि १९६२ साली तो कारभार सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आला. तिची मुख्य कचेरी नागपुरास आहे. त्यामुळे कारकून, मास्तर, हिशेबनीस म्हणून आलेली मराठी घरे या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गोंडी, पोवारी, हिंदी आणि मराठी अशा चारही बोली एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू याव्यात, असे हे गाव.

एका गणेशोत्सवात तेथे माझे गाणे होते. मुक्काम वडिलांच्या एका जुन्या शिष्याच्या आप्तांकडे होता. रात्री आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडळी पांगली, तेव्हा त्या घरचा विशीतला मुलगा एक वही घेऊन माझ्याजवळ बसला. वहीत सहा महिन्यांचे आकडे तारीखवार उतरविलेले होते आणि त्यांवर लाल पेन्सिलीने तिरप्या रेघा ओढलेल्या होत्या. ते मटक्याचे आकडे होते. मी मात्रांचा आणि तालाचा हिशेब शिकविणारा माणूस, तेव्हा काकांनी एवढे पाहावे आणि उद्या कोणता आकडा येईल ते सांगावे, अशी त्याची भोळी मागणी होती. आई दारात उभी राहून ऐकत होती. सकाळी चहा देताना त्या माउलीने हलक्या आवाजात सांगितले, की तिच्या गळ्यातली पोत सोनाराकडे गहाण आहे, आणि खाणीत पाळीवर जाणाऱ्या मुलाच्या बापाला ते अजून ठाऊक नाही.

त्या मुलाला काय उत्तर द्यावे हे मला त्या रात्री सुचले नाही. परतीच्या वाटेवर मोटारीत बसलो असता मात्र एक नाव आठवले. आकड्यांच्या नादात सारा जन्म घालवूनही ज्याने आकड्याकडून एक पैदेखील मागितली नाही, असा एक माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. ते देवळालीचे शाळामास्तर कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचे चरित्र आपल्याकडील घरांतून सांगितले जावे तितके सांगितले जात नाही, म्हणून हा लेख.

परंतु कापरेकरांकडे वळण्यापूर्वी त्या मुलाच्या वहीचे थोडे सांगितले पाहिजे. मटक्याचा उगम मुंबईच्या कापूसबाजारात आहे. न्यूयॉर्कचा कापूसबाजार उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, तो तारायंत्राने मुंबईस येई आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैजा लावीत. साठीच्या दशकाच्या आरंभी तो प्रकार बंद पडला. पैज लावणाऱ्यांची भूक मात्र राहिली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत नवे धंदे उभे केले. आरंभी आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यातून काढीत, म्हणून मटका हे नाव. पुढे मडके गेले, पत्ते आले, तरी नाव तेच राहिले. तीन आकडे निघायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक धरायचा. ५, ३ आणि ६ निघाले तर बेरीज १४, म्हणून आकडा ४. एवढ्या साध्या हिशेबावर गिरण्यांच्या चाळींतून पगाराचे दिवस पालथे झाले.

त्याच दशकात सरकारी सोडतीही निघाल्या. केरळ सरकारने १९६७ साली आपली लॉटरी स्थापन केली आणि महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. १९९८ साली लॉटऱ्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. सरकारी सोडत कायद्याने चालते आणि मटका कायद्याच्या बाहेर, हा भेद खराच. पण तिकीट घेणारा आणि आकडा लावणारा, दोघांच्या मनातली समजूत एकाच मुशीतली असते. स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, लग्नाची वरात दिसली तर तमुक. रस्त्यात अपघात झालेल्या मोटारीचा नंबर लोक टिपून घेतात. गावातला वेडसर माणूस काही पुटपुटला तर त्याची बोटे मोजतात. अबोल बुवाच्या पायांशी बसून तो किती वेळा खोकला तेही मोजणारे महाभाग असतात.

हे आपल्याकडचेच अडाणीपण आहे असे कोणी समजू नये. इटलीत नेपल्स शहरी सोडतीसाठी स्वप्नांचा कोशच आहे. तेथे १ पासून ९० पर्यंत प्रत्येक आकड्याला अर्थ दिलेला आहे. ४७ म्हणजे मेलेला माणूस, ४८ म्हणजे मेलेला माणूस बोलू लागला तो, आणि ९० म्हणजे भय. त्याच इटलीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ सालच्या मे महिन्यापासून निघेनासा झाला. इतके दिवस आला नाही म्हणजे आता येणारच, असे धरून लोकांनी त्यावर पैसा ओतला. जो तो आठवड्यामागून आठवडे रक्कम वाढवीत गेला. घरे विकली गेली, संसार मोडले, काहींनी जीव दिला. एकशे ब्याऐंशी सोडतींनंतर २००५ च्या फेब्रुवारीत तो आकडा एकदाचा निघाला, तेव्हा त्याची वाट पाहणाऱ्या पुष्कळांजवळ लावण्यास काही उरले नव्हते. मडक्याला स्मरण नसते. काल काय निघाले हे त्याला ठाऊक नसते, म्हणून आज काय देणे लागतो हेही त्याला ठाऊक नसते. उकव्याच्या वहीतल्या लाल रेघांचे सारे शहाणपण या एका गोष्टीपाशी संपते.

आता या ५३ आकड्याची आठवण वाचकांनी ठेवावी. कापरेकरांच्या चरित्रात तो पुन्हा भेटणार आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्या वेळी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. वडील पेशाने कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे ग्रहांचे अंश-कला मोजावे लागतात, बेरजा-वजाबाक्या बिनचूक कराव्या लागतात. आई नसलेल्या त्या पोराने वडिलांच्या शेजारी बसून हे सारे पाहिले. आकडेमोडीची गोडी त्याला तेथून लागली.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्योतिष्याच्या घरचा मुलगा आकडे पाहू लागला तर त्याची वाट सहसा कोणीकडे जाते? शुभ आकडा, अशुभ आकडा, भाग्यांक, मूलांक, अशी ती वाट असते. बापाकडून मुलाने विद्या उचलली म्हणजे तिच्याबरोबर तिचे भ्रमही उचलले जातात. माझे वडील दरबारी गवई होते. त्यांच्याकडून सूर घेतला तसे काही विटाळ-सोवळ्याचे ग्रहही मी घेतले, आणि ते टाकायला पुढे बरीच वर्षे लागली. कापरेकरांनी वडिलांकडून हिशेबाची लगी घेतली आणि भाकिताचा भाग वडिलांकडेच ठेवला. आकडा भविष्य सांगत नाही, तो स्वतःविषयी सांगतो, आणि तेवढे ऐकले तरी जन्म पुरत नाही, ही त्यांची दृष्टी. ती कोणी शिकविली असे दिसत नाही. ती त्यांची स्वतःची होती.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. तेथेच कोड्यांचा आणि सोप्या युक्त्यांनी हिशेब सोडविण्याचा छंद जडला. पुढे पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात ते शिकले. १९२७ साली त्यांच्या स्वतंत्र गणितलेखनास रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. ज्या महाविद्यालयाच्या भिंतींतून रँग्लर परांजप्यांचे नाव आदराने घेतले जाई, तेथल्या विद्यार्थ्याला हा मान लहान नव्हता. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्‌सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. नाशिकजवळ देवळालीच्या छावणीच्या गावी ते शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. तीन दशकांहून अधिक काळ एक गाव, एक खडू आणि एक फळा. बाहेरून पाहणाऱ्यास या आयुष्यात सांगण्यासारखे एवढेच.

आतून पाहिले तर गोष्ट निराळी होती. शाळा सुटल्यावर हे गृहस्थ आकड्यांत रमत. सायकलवरून दूरवर जावे, नदीकाठी बसावे आणि संख्यांचा विचार करीत राहावे, हा त्यांचा आनंद. मद्यप्याला जसे त्या धुंदीतच राहावेसे वाटते, तसे आपले आकड्यांच्या बाबतीत होते, अशी कबुली ते स्वतःच देत. लोक त्यांना गणितानंद म्हणत. नादी माणूस तो मटक्याचा असो की गणिताचा, दोघांनाही रात्री झोप येत नाही. फरक एवढाच, की एकाच्या नादाने घरातली पोत जाते आणि दुसऱ्याच्या नादाने फार तर कागद आणि पेन्सिल झिजते.

त्यांच्या शोधांची नावे पाहिली तरी माणूस कळतो. मुंबईपासून तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकात त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली, तर त्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले: डेमलो संख्या. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली असे सांगतात. १६५ घ्या. कडेचे १ आणि ५ मिळविले की ६, आणि मधला अंकही ६. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, मध्ये दोन पाच. ४७७७३ घ्या. ४ आणि ३ मिळून ७, मध्ये तीन साती. गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाला फलाटावर हे दिसावे आणि आपल्या नावाऐवजी त्याने फलाटाचे नाव अमर करावे, ही वृत्ती आजच्या काळात विरळ.

दुसऱ्या एका जातीस त्यांनी हर्षद म्हटले. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ भागतो. रामानुजनांच्या कथेमुळे प्रसिद्ध झालेला १७२९ पाहा. १, ७, २ आणि ९ मिळून १९ होतात, आणि १९ ला ९१ ने गुणले की बरोबर १७२९. आकड्याकडून हर्षाखेरीज दुसरी अपेक्षा नसलेल्या माणसालाच असे नाव सुचते.

तिसरी जात म्हणजे स्वयंभू संख्या. देवळालीत सापडल्या म्हणून त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिचेच अंक मिळवावेत. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात. म्हणजे २४ चा जनक २१. या रीतीने बहुतेक संख्यांना कोणी ना कोणी जनक सापडतो. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना जनकच नाही. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, अशी त्यांची ओळ चालते. या विषयावर १९६३ साली त्यांनी देवळालीहून स्वतःच एक पुस्तिका छापून काढली.

या ओळीत ५३ आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. व्हेनिसमध्ये ज्या आकड्यापायी माणसे बुडाली, तोच आकडा त्याच्या चाळीस वर्षे आधी देवळालीच्या या मास्तरांच्या यादीत निमूटपणे बसलेला होता. त्यांच्या लेखी तो शुभ नव्हता आणि अशुभही नव्हता. त्याला आई-बाप नाहीत एवढेच त्याचे वैशिष्ट्य. तेराचेही तसेच. जग तेराला भिते. कापरेकरांनी उलट्या अंकांच्या प्रश्नांवर लिहिले आहे, त्या दृष्टीने तेराकडे पाहिले तर १३ चा वर्ग १६९, आणि १३ उलटा करून ३१ केला तर त्याचा वर्ग ९६१, म्हणजे १६९ उलटा. असा सुंदर आकडा लोकांनी वाळीत टाकावा, हे आश्चर्य.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून पुन्हा २९७. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ साल उजाडले तेव्हा जगभरच्या गणितप्रेमींनी या ४५ ची आठवण काढली आणि तीबरोबर देवळालीच्या मास्तरांचीही.

पण ज्या एका आकड्याने त्यांचे नाव जगात नेले तो निराळाच आहे. हा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडला आणि १९५५ साली तो स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आले तर ते टाकायचे नाही, चार घरे नेहमी भरलेली ठेवायची. असे करीत गेले की फार तर सात पावलांत ६१७४ ही संख्या येते. ती आली की पुढे तीच येत राहते.

वाचकांनी कागद घेऊन बसावे. ३५२४ घेऊ. ५४३२ मधून २३४५ वजा केले की ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा केले की ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. तिसऱ्या पावलात मुक्काम. ०००० पासून ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांतून सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळल्या, तर उरलेल्या ९९९० पैकी एकही या मुक्कामाला चुकत नाही. आमच्या विद्येतला दाखला द्यायचा तर तिहाई कोणत्याही मात्रेवरून उचला, हिशेब बरोबर असेल तर ती समेवरच येते. ऐकणाऱ्याला तो चमत्कार वाटतो, वाजविणाऱ्याला तो हिशेब असतो.

आता एक गंमत सांगतो, आणि तिच्यातला धोकाही सांगतो. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर वाट अशी होते: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पावले, म्हणजे या खेळातली लांबात लांब वाट. त्यांचे मृत्यूचे साल १९८६ घेतले तर पहिल्याच पावलात ८१७२ येते आणि पुढची सारी वाट जन्मसालाचीच. हे प्रथम कागदावर उतरले तेव्हा माझ्याही अंगावर क्षणभर काटा आला. यात काही संकेत असावा, असे मनात येऊन गेले.

पण थोडा हिशेब केला म्हणजे तो काटा उतरतो. या वजाबाकीचे उत्तर दोनच फरकांवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अशा जोड्या मांडून पाहिल्या तर पहिल्या पावलाची उत्तरे अवघी ५४ निघतात. म्हणजे ९९९० संख्यांना पहिल्याच चौकात ५४ गल्ल्यांत शिरावे लागते, आणि पुढे त्या गल्ल्याही एकमेकींत मिळतात. दोन साले एका वाटेवर भेटली यात नवल काय? नवल हे, की अशी वाट मुळात आहे, आणि ती देवळालीतल्या एका माणसाने कागद-पेन्सिलीने शोधली. अंधश्रद्धा योगायोगापाशी थांबते आणि पैसे लावते. जिज्ञासा योगायोगापाशी थांबते आणि कारण विचारते. दोघींच्या वाटा एकाच ठिकाणाहून फुटतात, म्हणून तर सावध राहावे लागते.

एवढे करूनही त्यांच्या हयातीत देशात मान फारसा झाला नाही. संख्यांचे खेळ म्हणजे पोरखेळ, त्यात खोल गणित नाही, असे म्हणून काही विद्वान त्यांची थट्टा करीत. त्यांचे पुष्कळसे लिखाण लहानसहान नियतकालिकांत आले किंवा त्यांनी पदरमोड करून छापलेल्या पुस्तिकांत आले. गणित परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात. मास्तरच्या पगारातून परिषदेचे भाडे काढणे म्हणजे काय, हे जुन्या घरांतील वाचकांना सांगायला नको. कोणी हसले म्हणून ते रागावले नाहीत, आणि हसणारे आहेत म्हणून जायचे थांबलेही नाहीत. कोठे व्याख्यानास बोलावणे आले की उत्साहाने जात आणि ऐकणाऱ्यांना आकड्यांच्या गमती सांगत.

निवृत्तीनंतर दिवस ओढीचे गेले. मिळणारे निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करीत. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. एकटा वृद्ध, बेताची मिळकत, आणि डोक्यात अहोरात्र आकडे. हीच ती वर्षे, जेव्हा मुंबईत तीन अंकांच्या बेरजेवर रोज मोठ्या रकमांची उलाढाल होत होती आणि राज्याची लॉटरी सुरू होऊन तिकिटांचे ठेले लागत होते. अंकांच्या बेरजा हा ज्यांचा जन्माचा विषय, ते गृहस्थ त्याच वेळी नाशिकच्या बाजूला शिकवणीच्या पैशांवर दिवस काढीत होते. आकड्यांच्या स्वभावाविषयी सट्टेबाजांत कोणाला असेल त्याहून अधिक त्यांना कळत होते. त्यांना हेही कळत होते, की ज्या आकड्याचा नियम आहे तोच आधी सांगता येतो. ६१७४ येणार हे सांगता येते, कारण तेथे नियम आहे. मडक्यातून काय येणार हे सांगता येत नाही, कारण तेथे नियम नाही, आणि जेथे धंदेवाल्याचा हात आहे तेथे तर नियम त्याचा आहे.

१९७५ साली दैव फिरले, तेही परदेशातून. अमेरिकेत सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या करमणुकीचे सदर लिहीत आणि ते सदर जगभर वाचले जाई. मार्चच्या अंकात त्यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. तोवर सत्तरी गाठलेल्या या शाळामास्तरांचे नाव एकाएकी देशोदेशीच्या गणितज्ञांत पोहोचले. आज ६१७४ ला सारे जग कापरेकर स्थिरांक म्हणते, आणि त्या आकड्यावर, त्याच्या भाऊबंदांवर अजून लेख लिहिले जातात. घरच्यांनी ओळखावे म्हणून बाहेरच्याने बोट दाखवावे लागले, ही आपल्याकडची जुनीच रीत. गायकांच्या बाबतीतही आपण तेच केलेले आहे.

१९८६ साली देवळालीसच त्यांचे निधन झाले. मागे इस्टेट नव्हती. एक आकडा होता, आणि तो कोणाच्याही मालकीचा नव्हता.

पुढच्या वर्षी मी पुन्हा उकव्यास गेलो. तो मुलगा भेटला. मी त्याला त्याची वही मागितली नाही. कोऱ्या कागदावर त्याला त्याच्या मनातला चार अंकी आकडा लिहायला सांगितला आणि तो लिहीत असतानाच दुसऱ्या कागदावर ६१७४ लिहून कागद पालथा ठेवला. मग त्याला वजाबाकी शिकविली. पाचव्या पावलाला त्याचे उत्तर आले, मी कागद उलटला, आणि त्याचे डोळे विस्फारले. त्याने लगेच दुसरा आकडा घेतला, मग तिसरा. त्याची धाकटी बहीणही पाटी घेऊन बसली. तासाभराने त्याने विचारले, की काका, मग हे मटक्याला का लागत नाही? मी त्याला म्हटले, की हा प्रश्न पहिल्या वर्षी विचारला असतास तर आईची पोत घरात राहिली असती.

तो ओशाळला, पण उठून गेला नाही. पोत अजून सुटलेली नव्हती. बापाला मात्र गोष्ट कळली होती, आणि दोघे मिळून दर महिन्याला सोनाराकडे थोडे थोडे भरीत होते. व्याजाचा हिशेब मुलाच्याच हातात दिलेला होता. तो हिशेब त्याने मला दाखविला. मी तपासून पाहिला, तो बरोबर होता.